ढाल, अंगठी, द्राक्ष: घशाची रचना आणि तिथली जुनी नावं

घसा धरला म्हणून डॉक्टरकडे गेलात, तर परत येताना हातातल्या कागदावर ‘घसा’ हा शब्द बहुधा नसतोच. तिथे फॅरिंजायटिस असतं, लॅरिंजायटिस असतं, नाहीतर टॉन्सिलायटिस. दवाखान्याच्या पाटीवर मराठीत ‘कान-नाक-घसा तज्ज्ञ’ आणि डिग्रीच्या ओळीत ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी. वाचतानाच दम लागतो. पण तो शब्द फोडला की आत तीच पाटी सापडते: ग्रीकमध्ये ‘ओटोस’ म्हणजे कानाचा, ‘रायनोस’ म्हणजे नाकाचा, ‘लॅरिंक्स’ म्हणजे स्वरयंत्र, आणि शेवटी अभ्यासाचा ‘लोगोस’.

घशातली बहुतेक नावं अशीच आहेत. ऐकायला भारदस्त, आतून अगदी घरगुती. ज्यांनी पहिल्यांदा प्रेतं आणि जनावरं कापून बघितली त्यांनी समोर जे दिसलं त्याला घरातल्या वस्तूंची नावं दिली. हे आकार ओळखीचे झाले की घशाची रचना आपोआप लक्षात राहते, पाठ करावी लागत नाही.

आधी आपल्या शब्दांबद्दल. मराठीत या भागासाठी शब्दांची चंगळ आहे. हार गळ्यात घालतात, गोळी घशात अडकते, गाणाऱ्याला गोड कंठ असतो आणि वैरी नरडीचा घोट घ्यायला टपलेले असतात. शरीरशास्त्राला मात्र यातला कुठलाच शब्द नेमका उपयोगी पडत नाही, कारण आपण ज्याला घसा म्हणतो त्यात दोन वेगळे अवयव आहेत. एक फॅरिंक्स, म्हणजे ग्रसनी. दुसरा लॅरिंक्स, म्हणजे स्वरयंत्र. दोन्ही शब्द ग्रीक, दोन्ही एकाच वळणाचे, आणि खुद्द जुन्या ग्रीक लेखनातही त्यांची सरमिसळ झालेली दिसते. ॲरिस्टॉटल आवाजाच्या अवयवाला फॅरिंक्स म्हणतो. तेव्हा कोणाचा गोंधळ झाला तर वाईट वाटून घेऊ नये.

आरशासमोर ‘आ’ केल्यावर मागे जी लालसर भिंत दिसते ती ग्रसनीची. कवटीच्या तळापासून मानेच्या सहाव्या मणक्यापर्यंत साधारण 12 ते 13 सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी. मागून आणि बाजूंनी बंद, पुढून उघडी. वर नाक तिच्यात उघडतं, मध्ये तोंड, खाली स्वरयंत्र. म्हणून तिचे तीन भाग: नेझोफॅरिंक्स, ओरोफॅरिंक्स, लॅरिंगोफॅरिंक्स. लॅटिनमध्ये ‘ओरिस’ म्हणजे तोंडाचा. सगळ्यात वरच्या भागात दोन्ही कानांकडून येणाऱ्या बारीक नळ्याही उघडतात. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना युस्टेशियन ट्यूब म्हणतात. खंडाळ्याचा घाट चढताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ करून उघडतात, ते या नळ्यांमुळे. गिळताना टाळूचे स्नायू त्यांचं तोंड ओढून उघडतात आणि आतबाहेरचा हवेचा दाब सारखा होतो. सर्दीत मुलांचे कान का दुखतात, याचंही उत्तर याच नळीत आहे.

आता घशातली खरी अडचण. नाक वर आणि तोंड खाली, पण पुढे गेल्यावर हवेची नळी पुढच्या बाजूला आणि अन्नाची नळी तिच्या मागे. म्हणजे हवा आणि अन्न यांचे रस्ते ग्रसनीत एकमेकांना छेदतात. कुठल्याही इंजिनिअरने असा आराखडा पास केला नसता. तरी आपण दिवसभर, झोपेतसुद्धा, बिनधोक गिळत असतो.

बोट कंठमण्यावर ठेवून एक आवंढा गिळून बघा. कंठमणी वर सरकतो आणि परत खाली येतो. त्या क्षणभरात बरंच काही घडतं. मऊ टाळू उचलून नाकाकडची वाट बंद करते. जीभ घास मागे ढकलते. अख्खं स्वरयंत्र दीड-दोन सेंटिमीटर वर आणि पुढे येऊन जिभेच्या मुळाखाली दडतं. त्याच्या तोंडावरचं पानासारखं झाकण मागे कलतं, आतल्या स्वरपट्ट्या घट्ट मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं एरवी मिटलेलं तोंड उघडतं. घास खाली गेला की सगळं जागेवर. हे झाकण म्हणजे एपिग्लॉटिस. ‘एपि’ म्हणजे वर, आणि ‘ग्लॉटा’ किंवा ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. झाकण म्हणून त्याचाच बोलबाला असला तरी खरी कडी खाली, स्वरपट्ट्यांची. खाताना हसलो, बोललो की ती कडी उघडी राहते आणि ठसका लागतो. ‘जेवताना बोलू नये’ या आजीच्या धाकामागचं शरीरशास्त्र एवढंच.

पक्षाघातानंतर किंवा म्हातारपणी ही साखळी ढिली पडते. पाणी पितानाही ठसका लागतो, अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. कागदावर याला डिसफेजिया लिहितात: ‘डिस’ म्हणजे बिघडलेलं, ‘फागेइन’ म्हणजे खाणं. पक्षाघाताच्याच रुग्णाला बोलण्याचा दोषही होतो आणि त्याला डिसफेझिया म्हणत. एक शब्द खाण्याचा, एक बोलण्याचा, आणि देवनागरीत तर कानाला जवळजवळ एकच. घोळ टाळायला बोलण्याच्या दोषाला आता बहुतेक ठिकाणी अफेझिया म्हणतात. अन्ननलिकेच्या इसोफॅगस या नावातही हाच खाण्याचा धातू आहे. ‘खाल्लेलं वाहून नेणारी’ असा त्याचा अर्थ लावतात.

स्वरयंत्र म्हणजे कूर्चांची, म्हणजे मऊ लवचीक हाडांची, एक छोटी पेटी, आणि नावांची खरी मजा इथे आहे. समोरची मोठी कूर्चा, जिचं टोक पुरुषांच्या गळ्यावर उठून दिसतं, ती थायरॉईड. ग्रीकमध्ये ‘थायरा’ म्हणजे दार. दारासारखी उभट ढाल ती ‘थायरिऑस’. आणि ढालीसारखी दिसणारी ती थायरॉईड. तिच्या खालची क्रिकॉईड: ‘क्रिकॉस’ म्हणजे कडं. पुढून अरुंद आणि मागून रुंद अशी ती आहे, म्हणजे नेमकं सांगायचं तर मोहोरेची अंगठी. तिच्या मागच्या रुंद काठावर दोन चिमुकल्या ॲरिटेनॉईड बसतात. ‘ॲरिटायना’ म्हणजे पळी, ओगराळं. या दोन पळ्या फिरल्या की स्वरपट्ट्या जवळ येतात किंवा लांब होतात. आणि या सगळ्याच्या वर, हनुवटीखाली, हायॉईड नावाचं हाड, ग्रीक लिपीतल्या उप्सिलॉन अक्षराच्या आकाराचं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही, ते नुसतं स्नायूंवर आणि बंधांवर तरंगतं. गळा दाबल्याचा संशय असेल तर शवविच्छेदनात हे हाड मोडलंय का ते मुद्दाम बघतात.

‘तिला थायरॉईड आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. थायरॉईड सगळ्यांनाच असते, तिला तिचा आजार आहे. पण नावाची गंमत पुढे आहे. थायरॉईड ग्रंथी काही ढालीसारखी दिसत नाही, ती फुलपाखरासारखी पसरट असते. 1656 मध्ये थॉमस व्हॉर्टन या इंग्रज डॉक्टरने ग्रंथींवर ग्रंथ लिहिला तेव्हा ढालीच्या कूर्चेशेजारी राहते म्हणून तिलाही तेच नाव दिलं. म्हणजे आज लाखो लोक ज्या गोळ्या सकाळी अनशापोटी घेतात, त्यांच्या आजाराला शेजारणीचं नाव आहे. हीच ग्रंथी आयोडीनच्या कमतरतेने सुजली की गलगंड, इंग्रजीत गॉयटर. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘गुट्टुर’, म्हणजे घसा.

कंठमण्याची गोष्ट थोडी निराळी. युरोपात त्याला ‘आदमचं सफरचंद’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘पोमुम अदामी’. निषिद्ध फळ पहिल्या पुरुषाच्या घशात अडकलं, अशी लोककथा त्यामागे सांगतात. मुलगा वयात येताना थायरॉईड कूर्चा झपाट्याने वाढते, तिच्या दोन पाखांमधला कोन अरुंद होतो, स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. मधल्या काळात तो चिरका-घोगरा होतो, त्याला आपण आवाज फुटणं म्हणतो. मुलींच्या बाबतीतही हे होतं, फक्त फारच कमी.

आवाज

‘व्होकल कॉर्ड’ या शब्दातला कॉर्ड ग्रीक ‘कॉर्डे’वरून आला. मूळ अर्थ आतडं, मग आतड्यापासून केलेली वाद्याची तार. 1741 मध्ये ॲन्तॉन फेर्रें या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने प्रेतातून काढलेल्या स्वरयंत्रात हवा फुंकून आवाज काढला आणि तंतुवाद्याची कल्पना लढवून हे नाव दिलं. आपणही मराठीत स्वररज्जू, स्वरतंतू म्हणत राहिलो. पण तिथे तार नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून आत आलेल्या त्या दोन घड्या आहेत, स्नायूवर मऊ अस्तर चढवलेल्या. फुगवलेल्या फुग्याचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणून हवा सोडली की तो किंचाळतो. घशात घडतं ते त्याच जातीचं. खालून हवेचा दाब मिटलेल्या पट्ट्या उघडतो, पट्ट्यांचा ताण आणि वाहती हवा त्या पुन्हा मिटवते, आणि हे चक्र पुरुषांच्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास चालतं. त्यातून निघते ती नुसती भुणभुण. तिचं ‘आई’ किंवा ‘काका’ करायचं काम वरची ग्रसनी, जीभ, टाळू आणि ओठ करतात.

जिवंत माणसाच्या पट्ट्या हलताना कशा दिसतात हे एका गाण्याच्या मास्तरांमुळे जगाला नीट कळलं. मान्युएल गार्सिया, स्पॅनिश घराण्यातला, लंडन-पॅरिसमध्ये गाणं शिकवणारा. 1854 मध्ये पॅरिसला असताना त्याच्या डोक्यात आलं की आरशानेच आत बघावं. त्याने दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा मिळवला, त्यावर वाफ धरू नये म्हणून तो गरम पाण्यात बुडवून पुसला, पडजिभेला टेकवला, आणि दुसऱ्या हातातल्या आरशाने ऊन आत पाडलं. श्वास घेताना उघडणारी आणि सूर लावताना मिटणारी ती फट त्याला स्वतःच्याच घशात दिसली. पडजिभेला काही टेकलं की आपल्याला ओकारी येते. गार्सियाला ती आवरता आली, त्यामागे आयुष्यभराचा रियाज असावा असं मला वाटतं. 1855 मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुढे व्हिएन्नाच्या लुडविग टुर्क आणि पेश्तच्या योहान चेर्माक यांनी हा आरसा दवाखान्यात आणला. लॅरिंक्सला ‘स्कोपेइन’, म्हणजे बघणं, जोडलं की झालं लॅरिंगोस्कोप. गार्सिया पुढे शंभरी ओलांडून 1906 मध्ये वारला.

आरसा नसतानाही घशात काय चालतं याचा अदमास आपल्याकडच्या शिक्षाकारांनी, म्हणजे वेदांच्या उच्चारांचं शास्त्र लिहिणाऱ्यांनी, घेतला होता, आणि तो थक्क करणारा आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य हा त्यांतलाच एक ग्रंथ सांगतो: कंठ मिटलेला असेल तर नाद होतो, उघडा असेल तर श्वास, आणि मधल्या अवस्थेत हकार. बोट कंठमण्यावर ठेवून ‘साप’मधला स लांबवा, काही जाणवणार नाही. ‘झाड’मधला झ लांबवा, बोटाखाली थरथर लागेल. एक अघोष, एक घोष. आणि आपला ‘ह’ खरोखरच मधला आहे: पट्ट्या थरथरतात, पण पुरत्या मिटत नाहीत, हवा बाजूने निसटते. ‘म्हणून’ आणि ‘न्हाणं’ म्हणताना ती निसटती हवा कळते. ‘क ख ग घ’ यांना मात्र शाळेत कंठ्य म्हणून शिकवतात ते शब्दशः घेऊ नये. तिथे जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो, स्वरयंत्र तिथून बरंच खाली राहतं.

बदाम आणि बोंड

तोंडाच्या मागच्या कमानीत दोन्ही बाजूंना टॉन्सिल. संसर्गाशी लढणाऱ्या पेशींच्या या गाठी. ग्रीकांना त्या बदामासारख्या वाटल्या, म्हणून ‘अमिग्डाले’. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये टॉन्सिलला आजही त्याच कुळातला शब्द आहे, आणि मेंदूतल्या बदामी गाठीलाही पुढे तेच नाव मिळालं. आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याला सुजलेली टॉन्सिल कापसाच्या बोंडासारखी दिसली आणि त्याने त्या आजाराला तुंडिकेरी म्हटलं. बघणाऱ्याच्या शेतात काय पिकतं त्यावर उपमा ठरते. विदर्भातल्या वाचकाला वाग्भट लगेच पटेल. मधल्या पडजिभेचंही तसंच: लॅटिन ‘उव्हा’ म्हणजे द्राक्ष, म्हणून पडजीभ झाली युव्ह्युला, छोटं द्राक्ष. संस्कृतात तीच सुजून लोंबली की गलशुंडिका, म्हणजे घशातली सोंड. टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रियाही जुनी. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस ती बोटाने सोडवून काढायला सांगतो. भूल द्यायचा शोध लागायला अजून अठराशे वर्षं होती.

नाकामागे आणखी एक अशीच गाठ असते, ॲडिनॉईड. ती मोठी झाली की मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, त्याचा कान वाहतो. बहुतेकांची वयात येईपर्यंत आपोआप आक्रसते.

घशातून घसरलेले शब्द

घशाचे कित्येक जुने शब्द आता घशात राहिलेलेच नाहीत, खाली उतरलेत. ‘स्टोमा’ म्हणजे तोंड, आणि त्यावरून ‘स्टोमाखोस’ म्हणजे सुरुवातीला चक्क घसा. मग तो शब्द अन्ननलिकेसाठी वापरात आला, आणि शेवटी जठरावर जाऊन थांबला. ‘ब्रॉन्खोस’ म्हणजे आधी श्वासनलिका. आज ब्रॉन्कस म्हणजे तिला छातीत फुटलेली फांदी, ब्रॉन्कायटिसमधली. ‘आर्टेरिया’चा प्रवास तर सगळ्यात वाकडा. मेलेल्या प्राण्याच्या धमन्या रिकाम्या दिसतात, म्हणून त्यांतून हवाच वाहते असा ग्रीकांमध्ये समज होता. श्वासनलिका आणि धमन्या, दोन्ही हवेच्या नळ्या, दोन्ही ‘आर्टेरिया’. वेगळं सांगायला श्वासनलिकेला ‘आर्टेरिया ट्राखेइया’, म्हणजे खडबडीत आर्टेरिया म्हणू लागले, कारण ती हाताला खडबडीत लागते. तिच्यात कूर्चेच्या सोळा ते वीस अर्धवट कड्या असतात, मागून उघड्या, अन्ननलिकेच्या बाजूला. नंतर गेलेन या ग्रीक वैद्याने धमन्यांत रक्त असतं हे दाखवलं, पण नाव बदललं नाही. रक्तवाहिनीकडे ‘आर्टरी’ राहिलं, आणि श्वासनलिकेकडे उरलं ते नुसतं विशेषण: ट्रॅकिआ, ‘खडबडीत’.

अँजायना हा शब्दही घशातलाच. लॅटिन ‘अँगेरे’ म्हणजे आवळणं. रोमन लोकांचा अँजायना म्हणजे घसा आवळणारी सूज. 1768 मध्ये लंडनच्या विल्यम हेबरडेनने छातीत आवळून येणाऱ्या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘अँजायना पेक्टोरिस’, छातीचा अँजायना, म्हटलं. आज ‘छातीचा’ हे सांगावंच लागत नाही. टॉन्सिलशेजारी पू होऊन तोंड उघडेनासं होतं त्याला इंग्रजीत क्विन्सी म्हणतात. ते ग्रीक ‘किनांखे’चं झिजलेलं रूप: कुत्र्याचा गळा आवळणं. घटसर्पाचं डिप्थेरिया हे नाव मात्र त्यामानाने नवं. घशात राखाडी, चिवट पापुद्रा धरतो म्हणून फ्रान्सच्या पिएर ब्रेतोनोने 1826 मध्ये ‘डिप्थेरा’ म्हणजे चामडं यावरून ते घडवलं. त्या पापुद्र्याने गुदमरणाऱ्या मुलीची श्वासनलिका गळ्यातून उघडून तिला वाचवण्यात त्याला त्याच्या आदल्याच वर्षी यश आलं होतं.

शब्दांच्या शेपट्यांची ओळख असली की बाकी रिपोर्ट वाचता येतो. ‘-आयटिस’ म्हणजे मुळात नुसतं ‘अमक्याचा’, पुढे आजार हा शब्द गृहीत. आता अर्थ दाह. ‘-एक्टमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं. ‘-टमी’ म्हणजे नुसता छेद. ‘-स्टमी’मध्ये तोच तोंडाचा ‘स्टोमा’ आहे: छेद देऊन तिथे तोंड ठेवणं. म्हणून ट्रॅकिऑस्टमी म्हणजे श्वासनलिकेला गळ्यावर दिलेलं नवं तोंड. स्वरयंत्राच्या कर्करोगात अख्खं स्वरयंत्र काढतात ती लॅरिंजेक्टमी. व्हिएन्नात टेओडोर बिलरोटने ती पहिल्यांदा केली, 1873 च्या शेवटच्या दिवशी.

गळ्याच्या बाजूंच्या रक्तवाहिन्याही सांगून टाकतो. कॅरोटिड धमनीच्या नावात ‘कारोस’ म्हणजे गुंगी, कारण ती दाबली की माणूस बेशुद्ध पडतो हे ग्रीकांना ठाऊक होतं. आणि जुग्युलर शिरेच्या मुळाशी लॅटिन ‘युगुम’, संस्कृत ‘युग’, आपल्या बैलांच्या मानेवरचं जू.

राहिली ती स्वरयंत्राची नस. मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं नाव लॅटिन, अर्थ भटक्या; मेंदूतून निघून पार पोटापर्यंत भटकतो म्हणून. त्याची एक फांदी स्वरयंत्र हलवते. ती सरळ घशात जात नाही. डावीकडची फांदी घशावरून खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर येते, म्हणून तिला रिकरंट, परत फिरणारी, म्हणतात. जिराफातही हाच मार्ग असल्याने तिथे ती काही मीटर लांब होते. गेलेनने दुसऱ्या शतकात रोममध्ये लोकांसमोर किंचाळणाऱ्या डुकराची ही नस कापून दाखवली होती. डुक्कर धडपडत राहिलं, आवाज मात्र बंद. वर येताना ती थायरॉईड ग्रंथीला लागूनच जाते, त्यामुळे थायरॉईडच्या शस्त्रक्रियेआधी ‘आवाज बदलू शकतो’ या ओळीखाली सही घेतात. आणि आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल, त्यात तंबाखू-विडीची सवय असेल, तर घशात नळी घालून बघणं टाळू नये. डावी स्वरपट्टी हलत नाही असं त्यात दिसलं, तर डॉक्टर छातीचाही फोटो काढायला सांगतात. दुखणं घशाचं आणि फोटो छातीचा कशाला, म्हणून नातेवाईक कुरकुरतात. पण फुप्फुसातली गाठ त्या वळशापाशी नसेवर दाबत असेल, तर खोकल्याच्या आधी आवाज जाऊ शकतो.